फोटोतली चावी

आमच्या मामांना कुणी 'कुलूपवाले' म्हटलं की ते लगेच दुरुस्त करतात. "कुलूप कुणीही विकतो. मी चावीवाला."

त्यांचं दुकान म्हणजे इस्त्रीवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधलं एक खोल कपाट. भिंतभर हुकांना कोऱ्या चाव्या लटकतात आणि पंखा लावला की सगळ्या एकदम किणकिणतात. समोर चावी कापायचं मशीन, शेजारी कानशी, आणि मामा स्वतः. चौथ्या वस्तूला जागा नाही. गिऱ्हाईक फुटपाथवर उभं राहतं.

दार लागलं, चावी आत राहिली, असं बोलावणं आलं की मामा पिशवी उचलून लगेच निघतात. पण दारापाशी पोचले की पिशवी खाली ठेवतात आणि हात पुढे करतात. "ओळखपत्र."

एकदा एक गृहस्थ नुसत्या टॉवेलवर जिन्यात उभे होते. पेपर घ्यायला बाहेर आले आणि वाऱ्याने दार लागलं. ओळखपत्र आत, पाकिटात.

"टॉवेलवर नाव छापलंय का बघू?" ते खेकसले.

मामा शांतपणे म्हणाले, "दार उघडल्यावर उजव्या हाताला काय दिसेल?"

"चपलांचं कपाट!"

"त्यावर?"

"त्यावर बायकोने आणलेली एक कुरूप मांजर आहे, चिनी मातीची. आता उघडता का मी असाच ऑफिसला जाऊ?"

मामांनी दार उघडलं. मांजर होती. पिशवी आवरताना मामा एवढंच म्हणाले, "आहे खरी कुरूप."

दुसरा नियम फोटोचा. बरेच लोक मोबाइल पुढे करून म्हणतात, "हा चावीचा फोटो, करून ठेवा, संध्याकाळी नेतो." मामा त्यांना हाकलतात. "चावीचा फोटो म्हणजे चावीच. आधी तो पुसा, मग खरी चावी घेऊन या." चावीचे दात सपाट दिसले, तिची जात कळली, की ती कापायला आणखी काही लागत नाही. हे ते सांगतात आणि मग सांगितल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखे गप्प होतात.

असा हा पक्का माणूस. कच्चा फक्त एका ठिकाणी. साडू.

मामीची धाकटी बहीण एका गादीवाल्याला दिली आहे. मोठं दुकान, काचेचं, आत पलंगावर पलंग. गिऱ्हाइकाने आडवं होऊन बघायचं, झोप लागली तरी हरकत नाही. "झोपेत पैसे मिळवणारा माणूस," मामा म्हणतात. साडूंचं नाव निघालं की मामांच्या अंगाचा तिळपापड होतो, आणि गंमत म्हणजे साडूंनी त्यांचं कधी काही वाईट केलेलं नाही. उलट केलं असतं तर बरं झालं असतं, मामांना धरायला काहीतरी मिळालं असतं.

साडूंना रांगेत उभं राहावं लागत नाही, कुणीतरी ओळखीचं निघतंच. अनोळखी कुत्री त्यांच्यावर भुंकत नाहीत. त्यांचे केस अजून काळे आहेत आणि ते रंगवलेले नाहीत. हे मामांनी एकदा मुळापाशी वाकून, जवळून तपासलं आहे. पण या सगळ्यापेक्षा खोल सल वेगळा होता. मामांनी एक विनोद जेवताना सांगितला, मामी म्हणाली, "ताक घेणार?" पुढच्या आठवड्यात तोच विनोद साडूंनी सांगितला आणि मामी डोळे पुसेपर्यंत हसली.

"तोच होता," मामा मला नंतर म्हणाले. "शब्दसुद्धा तेच."

मामी दातांच्या दवाखान्यात नावनोंदणीला बसते. दिवसभर लोकांना नाव, वय, पत्ता, कोणता दात विचारायचा. खिडकी आहे, पण तिच्यातून शेजारच्या इमारतीची भिंत आणि पाण्याचा एक गळका पाइप दिसतो. एका रविवारी कपडे वाळत घालताना ती सहज म्हणाली, "एकदा असं घर पाहिजे बघा, सकाळी उठलं की खिडकीतून समुद्र. हॉटेल नको. घर. आपला चहा आपण करायचा."

मामीने लग्न झाल्यापासून मागितलेली ही तिसरी का चौथी गोष्ट असेल. मामांनी ती मनावर घेतली. मी कॉम्प्युटरच्या कामातली, म्हणून मला बोलावलं. आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि सुट्टीची घरं भाड्याने देणाऱ्या एका साइटवर मामांनी स्वतः, एका बोटाने शोधत शोधत, एक घर काढलं. निळं दार, पुढे छोटी ओसरी, आणि झोपायच्या खोलीतून थेट पाणी. मामी फोटो मोठा करून बघत राहिली. "पडदेसुद्धा नाहीत हो," ती म्हणाली, जणू काही त्याहून मोठी चैन नसते.

"हेच," मामा म्हणाले. "मी घेतो."

मग साइटने ओळखपत्र मागितलं. पुढून आणि मागून. आणि चेहरा. समोर, मग डावीकडे वळवून, मग उजवीकडे.

"असे फोटो," मामा म्हणाले, "पकडलेल्या माणसाचे काढतात."

"सगळे देतात मामा," मी म्हटलं.

"सगळे काय, चावीचाही फोटो देतात." त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. "हे बघ, मी कार्ड मागतो तेव्हा हातात घेतो, वाचतो आणि परत देतो. माझ्याकडे काही राहत नाही. यांच्याकडे राहणार. कुठे राहणार? किती दिवस? कोण बघणार?"

मी साइटवरचा मजकूर वाचून दाखवला. माहिती सुरक्षित ठेवली जाते, आवश्यक तेवढाच काळ ठेवली जाते, वगैरे. मामांनी विचारलं, "आवश्यक म्हणजे किती?" ते लिहिलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

"मग घरमालकालाच फोन करतो. माणसाशी माणूस बोलेल."

घरमालकाचा नंबर साइटवर लपवलेला होता. पैसे भरून ओळख पटल्यावरच दिसणार. मामांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी तोंड तिन्ही बाजूंनी दाखवायचं आणि त्यांनी साधा नंबर झाकून ठेवायचा!"

मामी कणीक मळत होती. "रोज एवढी माणसं मला जन्मतारीख सांगतात. कुणाचं काय बिघडलं?"

"तुला सांगतात. तू समोर दिसतेस त्यांना."

शेवटी मामांनी तोडगा काढला. कागदाची एक बारीक पट्टी कापली, कार्डावरच्या नंबरावर चिकटवली आणि फोटो पाठवला. नाकारला. मग पट्टी अर्ध्या नंबरावर. नाकारला. मग नंबर उघडा ठेवून जन्मतारीख झाकली. तोही नाकारला. चेहऱ्याचं तर निराळंच. कार्डावर मामांना जाड मिशी आहे, आता नाही. चेहरा जुळत नाही, असं मोबाइल म्हणाला. मामांनी दोन बोटं ओठावर आडवी धरून पुन्हा प्रयत्न केला. त्यानंतर साइटने त्यांचं खातंच सुरक्षेच्या कारणास्तव बंद केलं.

मामी हसली नाही. तेच वाईट झालं. ती फक्त म्हणाली, "राहू दे हो. आपल्याला काय, घर आहे की," आणि पोळपाट धुवायला घेतला.

आता खरी मेख. मामीने घराचा तो फोटो बहिणीला पाठवला होता. बहिणीने नवऱ्याला दाखवला. गादीवाल्याने दुकानात, एका पलंगावर बसल्या बसल्या, कार्डाचा फोटो काढला, मान डावी-उजवी केली, आणि चहा येईपर्यंत त्यांच्या नावापुढे हिरवी खूण लागलीसुद्धा. पडताळणी पूर्ण. घर घेतलं. चौघांसाठी.

फोन मामांनीच उचलला. "साडूबुवा, शनिवारी निघायचं! तुम्ही शोधलेलं घर आहे, नाही म्हणायचं नाही."

तुम्ही शोधलेलं घर! मामांना तो टोमणा वाटला. साडूंना टोमणे मारता येत नाहीत, हेही मामांना ठाऊक होतं, आणि त्याचाही त्यांना रागच होता.

"मला दुकान आहे," मामा म्हणाले.

"अहो, मलाही आहे."

"तुमच्या दुकानात माणसं झोपलेली असतात. माझ्या गिऱ्हाइकांना घरात शिरायचं असतं."

साडू खळखळून हसले. हा विनोद त्यांनी नंतर दुसरीकडे सांगितला असणार, अशी मामांची खात्री आहे.

मामी जाऊ की नको करत होती. मामांनीच बॅग काढून दिली, जरा जास्तच आपटून. "जा तू. मी काय तुला बांधून ठेवलंय?" ती जिन्याच्या वळणावर थांबली, वर बघून म्हणाली, "आला असतात तर..." खालून साडूंच्या गाडीचा हॉर्न वाजला, तोही सुरेल.

नातेवाइकांचा एक ग्रुप आहे मोबाइलवर. शनिवारी दुपारपासून त्यावर फोटो पडायला लागले. समुद्र. ओसरी. दोघी बहिणी पाण्यात पाय बुडवून. मामी पडदे नसलेल्या खिडकीत उभी, केस उडालेले, आणि ती कुणाकडे तरी बघून हसते आहे. फोटो साडूंनी काढला होता. म्हणजे कुणाकडे बघून ते उघड होतं.

मामांनी त्या दिवशी इस्त्रीवाल्याच्या टेबलाची एक चावी उलटी कापली.

रविवारी दुपारी साडूंनी आणखी एक फोटो टाकला. ओसरीचा कठडा, मागे निळं पाणी, आणि कठड्यावर घराची चावी, आडवी, सपाट, स्वच्छ उन्हात. खाली लिहिलं होतं, 'स्वर्गाची चावी!' त्याखाली चुलत-मावस सगळ्यांचे अंगठे.

मामांनी फोटो मोठा केला. चावीच्या डोक्यावरून जात कळली. दुकानात त्यांच्या मागच्या भिंतीवर, वरून दुसऱ्या ओळीत, तसल्याच कोऱ्या चाव्या लटकत होत्या. दात स्पष्ट होते. एक खोल, दोन उथळ, मग मधला, मग पुन्हा खोल.

मामीला त्यांनी पुढे जे सांगितलं तेच लिहिते. आधी त्यांच्या मनात होतं की साडूला फोन करावा आणि सांगावं, फोटो काढून टाका, हे धोक्याचं आहे. फोन हातातही घेतला. मग वाटलं, सांगितलं तर तो काय म्हणेल? 'अरे वा, साडूबुवा, थँक्यू!' म्हणेल आणि फोटो काढून टाकेल आणि सगळं पुन्हा छान होईल. त्यापेक्षा दाखवावं. त्याच्या समोर, बायकांच्या देखत, चावी टेबलावर ठेवावी आणि विचारावं, ही कुठली ओळखता का?

मामांनी मशीन सुरू केलं. ज्या माणसाने टॉवेलवाल्याला मांजर ओळखल्याशिवाय आत सोडलं नाही, त्याने एका परक्या घराची चावी कुणालाही न विचारता कापली आणि कानशीने तिच्या कडा हळुवार गुळगुळीत केल्या.

सोमवारी सकाळी दुकानावर 'बाहेरगावी' अशी पाटी लावून मामा बसने निघाले. घराचा पत्ता साडूंनी ग्रुपवर टाकलेलाच होता. वाटेभर ते काय बोलायचं याची तयारी करत होते. वाक्य फार चांगलं जमलं होतं, म्हणे. पण निळ्या दारापाशी पोचले तेव्हा घरात कुणीच नव्हतं. चौघांऐवजी तिघं, तीही किनाऱ्यावर. लांबून साडूंची पिवळी टोपी दिसत होती.

हाक मारायची, किंवा पायरीवर बसून वाट बघायची. कुणीही तेच केलं असतं. मामांनी चावी दारात घातली. पहिल्या झटक्यात फिरली. चांगली चावी फिरली की मामांच्या चेहऱ्यावर आपोआप समाधान येतं, तसं आलंही असेल.

आत चार कप होते. चौथा कोरडा, बशीवर उपडा. मामीचा कंगवा खिडकीच्या कट्ट्यावर होता. मामा तिथे खुर्ची ओढून बसले. समोर पाणीच पाणी. मामीने सकाळी इथे बसून चहा प्यायला असणार. दुसऱ्या खोलीत साडूंचा इस्त्रीचा शर्ट हँगरला होता. मामांनी त्याची कॉलर उलटून बघितली. मळलेली नव्हती.

"कोण आहे आत?"

दारात एक बाई, हातात धुतलेल्या टॉवेलांची चळत. घरमालकीण. ती मागच्या दोन खोल्यांत एकटी राहते.

मामा उभे राहिले. "मी... त्यांचा साडू."

"कुणाचा?"

"गादीवाल्यांचा."

"मला गादीवाले माहीत नाहीत. ओळखपत्र दाखवा."

कार्ड खिशात होतं. मामा मला म्हणाले, हात खिशाकडे गेलाच नाही. जन्मभर ज्याने हात पुढे केला, त्याच्यापुढे कुणीतरी हात केला होता. बाईने टॉवेल खुर्चीवर ठेवले, ओसरीत जाऊन साडूंना फोन लावला. एक पाय बाहेरच्या पायरीवर ठेवूनच ती बोलत होती. मामांच्या लक्षात आलं की ही बाई आपल्याला घाबरली आहे. आजवर त्यांना कुणी घाबरलं नव्हतं.

तिघंही ओल्या पायांनी धावत आली. पुढे साडू. त्यांनी मामांना बघितलं, बाईला बघितलं, आणि क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "अहो, हे आमचेच! चावी मीच दिली होती त्यांना. आधी दिली होती. सांगायचं राहिलं."

"नोंद नसलेल्या माणसाला चावी दिलीत?" बाई म्हणाली. "नियम वाचले होते ना? मी एकटी राहते इथे. दर आठवड्याला नवी माणसं माझ्या घरात झोपतात. कोण आलंय एवढंही मला कळायचं नाही? सॉरी. मला साइटला कळवावं लागेल. तुमची ती खूण काढून घेतील."

साडूंचं तोंड पडलं. मामांनी ते पहिल्यांदा पाहिलं. कुत्री न भुंकणारा, रांगेत न थांबणारा माणूस शाळेतल्या पोरासारखा पायाच्या अंगठ्याने वाळू पुसत होता. हिरवी खूण जाणार. एक शब्द न बोलता जाणार. मामांना फक्त गप्प राहायचं होतं.

आणि फार गोड वाटलं त्यांना. हे त्यांनी मामीपासूनही लपवलं नाही.

मग त्यांनी मामीकडे बघितलं. घराची चावी मामीच्या हातात होती. सकाळपासून तीच सांभाळत होती. दोनच चाव्या होत्या घराला, एक हिच्या मुठीत, एक मालकिणीकडे. साडू खोटं बोलतायत हे मामीला कळलं होतं, आणि मामांच्या खिशात काय आहे हेही. ती काही बोलली नाही. धाकटीने तिला कोपर मारलं, तरी नाही. ती नवऱ्याकडे बघत होती, दवाखान्यात 'दुखतंय कुठे' विचारून उत्तराची वाट बघतात तशी.

"त्यांनी चावी दिली नाही," मामा म्हणाले. "मी केली."

खिशातून काढून त्यांनी ती टेबलावर ठेवली. मामीने शेजारी तिची ठेवली. दोन्ही सारख्या, एक जरा जास्त चकचकीत.

"केली म्हणजे?" बाई म्हणाली.

"फोटोवरून. यांनी ग्रुपवर टाकला होता. मी चावीवाला आहे."

साडू पुढे वाकले. "या फोटोवरून? काय सांगता! साडूबुवा, कमाल आहे तुमची! अगं, बघितलंस का, दात न् दात तोच!"

"भाऊजी, पण कशाला?" धाकटी म्हणाली.

यावर मामांनी बसमध्ये घोकलेलं वाक्य होतं, फोटोबद्दल, बेफिकिरीबद्दल. ते त्यांना आठवलं नाही. ते म्हणाले, "जळलो."

साडूंनाही हसायचं सुचलं नाही.

बाई खुर्चीत, टॉवेलांच्या चळतीवरच बसली. बराच वेळ चाव्यांकडे बघून तिने मोबाइल काढला आणि साइटवर आपल्या घराखाली जुन्या पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघू लागली. तोच कठडा. तेच पाणी. तीच चावी. सगळ्यांना तिथेच ठेवून फोटो काढावासा वाटला होता. कुणी सोबत शिंपला ठेवला होता, कुणी चष्मा.

"म्हणजे कुणीही..." ती म्हणाली.

"हो," मामा म्हणाले. "कुलूप बदलायला हवं. आजच. मी बदलून देतो."

"तुमच्यावर का विश्वास ठेवू?"

हा प्रश्न रास्त होता. मामांनी ओळखपत्र काढून तिच्या हातात दिलं. तिने पुढून वाचलं, मागून वाचलं, मिशीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. "हे काय, मिशी कुठे गेली?" आणि परत दिलं. तक्रार करणार नाही म्हणाली. पण एक गोष्ट तिने स्पष्ट सांगितली. रात्री राहायचं असेल तर बाकी तिघांसारखी साडूंच्या खात्यात साइटवर नोंद हवी, फोटोसकट. तिथे तिची सवलत नव्हती.

"मी बसने जाईन," मामा म्हणाले.

कुलूप आणायला साडूंनी गाडी काढली. बाजारात मामांनी चांगल्या जातीचं, ज्याच्या चावीचे दात बाहेरून दिसत नाहीत असं कुलूप निवडलं. दुकानदार साडूंच्या ओळखीचा निघाला.

परत येताना साडू म्हणाले, "तुम्ही जळलात माझ्यावर? खरंच? कशावर जळलात ते तरी सांगा."

"केसांवर," मामा म्हणाले.

साडू इतके हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. मामांना वाटलं होतं आता मन हलकं होईल. झालं नाही. या माणसावर रागावताही येत नाही, हे एक नवीन दुखणं जडलं.

मामांनी दार उतरवून कुलूप बसवलं, बाईच्या हातात नव्या चाव्या दिल्या आणि आपली चावी तिच्या देखत वाकवून मोडली. संध्याकाळच्या बसला मामी सोडायला आली. तिची बॅग तिच्यासोबत नव्हती.

"मी उद्या येते," ती म्हणाली. "घर उद्यापर्यंत आहे."

"हो, हो. पाणी बघ तू."

"घरी आल्यावर बोलू आपण."

ते बोलणं काय झालं ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की मामा दोन दिवस स्वतःच्या हाताने चहा करून पीत होते.

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा मामा मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून काहीतरी वाचत होते. मालकिणीने साइटवर पाहुण्यांबद्दल अभिप्राय लिहिला होता. 'अतिशय प्रामाणिक कुटुंब. कुलूप जुनं आहे हे लक्षात येताच स्वतः नवं बसवून दिलं. अशी माणसं दुर्मीळ.' आणि वर नाव, साडूंचं. हिरव्या खुणेसकट. आता त्याशेजारी एक ताराही आला होता.

"कुलूप कुणी बसवलं?" मामा मला विचारत होते. "स्क्रू कुणी पिळले? हा पलंगावर बसून..."

"त्या बाईने ज्याचं नाव तिच्याकडे होतं त्याचं लिहिलं," मामी भाजी निवडत म्हणाली. "तुमचं कुठे होतं?"

"कार्ड दाखवलं होतं मी!"

"दाखवलंत आणि परत घेतलंत."

मामांनी मोबाइल टेबलावर उपडा ठेवला. त्यांना अजून वाटतं की फोटो देऊ नये. मला विचाराल तर माझ्या कामात मी जे बघते त्यावरून त्यांची शंका मला वेडी वाटत नाही. ती माहिती कुठे जाते, किती दिवस राहते, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण हेही खरं की मामांच्या त्या शंकेत साडू किती आणि कार्डाचा नंबर किती, हे त्यांनाच वेगळं करता येत नव्हतं.

मामीने भाजीचं ताट बाजूला सारलं, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे वळली. "माझं वेगळं खातं उघड गं."

"तू?" मामा म्हणाले.

"मी. मला पुन्हा जायचंय. त्यांच्या गाडीतून नको आणि तुमची समजूत काढत नको."

तिने पर्समधून कार्ड काढलं, टेबलावर ठेवून फोटो घेतला. मग खिडकीकडे तोंड करून बसली. मान डावीकडे. मान उजवीकडे. दवाखान्यातल्या बाईला कळतं माणसाने कसं बसायचं असतं. डोळ्यांवर आलेली बट तिने मागे सारली, आणि मला वाटतं, कॅमेऱ्याकडे बघून जराशी हसलीही. मामा बघत होते. थोड्या वेळाने तिच्या नावापुढे हिरवी खूण आली.

"झालं?" मामा म्हणाले. "एवढंच?"

"एवढंच."

तिने दुसरं एक घर निवडलं, डोंगराकडचं. या मालकाचा सगळ्यांच्या नोंदीचा नियम नव्हता. घर तिच्या नावावर झालं. पावती आली. मामांनी मोबाइल तिच्या हातातून घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचली. तिचं पूर्ण नाव. तारखा. आणि शेवटी, 'सोबत : एक व्यक्ती.'

"एक व्यक्ती," मामा म्हणाले. "माझं नाव?"

"विचारलंच नाही त्यांनी," मामी म्हणाली आणि भाजीचं ताट पुढे ओढलं.

मामा तसेच उभे. मग जरा आवाज उतरवून त्यांनी मला विचारलं, "यात नाव घालायची काही सोय नसते का गं? फोटो नको. नुसतं नाव."